‘सोडव’च्या पुढचं

प्रिय धाकट्या,

तू पाठवलेला कागद मिळाला. मिळून तीन आठवडे झाले. तू चार वेळा फोनवर विचारलंस आणि चारही वेळा मी ‘बघतो’ म्हणालो. शनिवारी बाबांच्या नाकातली अन्नाची नळी बदलायची आहे. त्या दिवशी तू येणार, डॉक्टर येणार, आणि कागदावर आपल्या दोघांच्या सह्या असल्या तर जुनी नळी काढायची आणि नवी घालायची नाही, असं ठरलंय. इतकं सगळं स्पष्ट असताना दादा लेखणी घेऊन कशाला बसला, असं तुला वाटेल. फोनवर आपण दोघं एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाही. पत्र वाचताना तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, म्हणून लिहितोय. कागदाचं शेवटी सांगतो, आधी घरातलं ऐक.

गेल्या खेपेला तू आलास तेव्हा बाबांच्या देखभालीला ठेवलेल्या मावशींना जेमतेम पाहिलंस. बाबांना अर्धांगाचा झटका आला त्याच्या पुढच्या महिन्यापासून त्या येतात. सकाळी आठला येतात, रात्री आठला जातात. पायात पुरुषी बूट, जाड भिंगांचा चष्मा, आणि जीभ अशी की नुसत्या बोलण्याने कांदा चिरावा. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, दादा, पेशंटच्या खोलीत दोन गोष्टी मला चालत नाहीत, एक माशी आणि एक नातेवाईक. तुझ्या वहिनीला त्या लगेच आवडल्या. मला नाही आवडल्या. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. त्या कधी हिशेबाबाहेर सुट्टी मागत नाहीत, कधी उशिरा येत नाहीत, कधी जाताना हातात काही दिसत नाही. इतकं बरोबर असणारं माणूस मी आमच्या धंद्यात पाहिलेलं नाही.

तू आमच्या धंद्याला हसतोस, पण त्यानेच मला घडवलंय. सव्वीस वर्षं मी दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करतोय. दुकानदार म्हणतो माझा काटा खरा, गिऱ्हाईक म्हणतं हा चोर आहे, आणि मी दोघांपैकी कुणाचंही न ऐकता शिक्क्याचं प्रमाणवजन काढून पारड्यात ठेवतो. मग दोघंही गप्प होतात. या सवयीचं पुढे काय होतं ते तुला सांगतो. माणूस घरी आला तरी मनातलं ते प्रमाणवजन खाली ठेवत नाही. तुझी वहिनी मला शंकासुर म्हणते. मी भाजीत मीठ कमी आहे म्हटलं की ती म्हणते, थांबा, काटा आणते.

बाबांचं वजन करून बघायचं मी ठरवलं त्याला आता दीड महिना झाला. ते वाळत चाललेत असं मला वाटत होतं. मावशी म्हणत होत्या, उलट अंग धरतायत. डोळ्यांचं खरं मानायचं की बोलण्याचं? मी दुकानातला लटकता काटा आणला, तो मोठ्या तबकडीचा, पोती मोजायचा. बाबांच्या खोलीतल्या आडव्या तुळईला हूक ठोकला आणि जाड कापडाची झोळी शिवून घेतली. दर रविवारी चर्चमधल्या उपासनेहून आलो की मी आणि वहिनी मिळून बाबांना त्या झोळीत उचलायचो. एखाद्या पाखराला रुमालात धरावं तसे ते त्यात पडून राहायचे. त्यांचा डावा डोळा माझ्या तोंडावर असायचा आणि माझे दोन्ही डोळे तबकडीवर. पहिल्या रविवारी शेहेचाळीस किलो. दुसऱ्या रविवारी साडेपंचेचाळीस. मग पंचेचाळीसला थोडं कमी, मग चव्वेचाळीस. सहाव्या रविवारी बेचाळीस.

इकडे नळीतून द्यायच्या पावडरचा डबा बरोबर वेळेवर संपत होता. डॉक्टरांनी दिवसाला जेवढं सांगितलं तेवढंच जात होतं. मग तूच सांग, डबा रिकामा होतोय आणि माणूस वाळतोय, तर मधलं जातं कुठे? मावशींच्या घरी सून बाळंतीण आहे हे मला ठाऊक होतं. मी डब्यात आतून पेन्सिलीने बारीक खूण करायला लागलो. झाकणावर दोऱ्याचा एक तुकडा ठेवायचो, उघडलं तर पडावा म्हणून. त्यांची पिशवी खुंटीवर असायची, तिला जाताजाता कोपराचा धक्का देऊन बघायचो, जड लागते का. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहितोय. एका संध्याकाळी त्यांनी जाताना स्वतःच पिशवी माझ्यासमोर उपडी केली. चष्म्याचं घर, एक किल्ली, एक गुंडाळलेला टॉवेल आणि अर्धी पेन्सिल. ही पेन्सिल तुमची आहे दादा, म्हणाल्या, डब्यात पडली होती. आणि गेल्या. कुणालाही शरम वाटली असती. मला वाटलं, बाई पोचलेली आहे.

डॉक्टरांवरही माझा विश्वास उरला नव्हता. ‘त्यांना उगाच त्रास नको’ असं ते म्हणतात तेव्हा बाबांकडे बघत नाहीत, दाराकडे बघतात. आणि आता रागावू नकोस, तुझ्यावरही नव्हता. तू दोनदा विचारलंस, दादा, घराचे जुने कागद कुठे आहेत. मी म्हटलं, शोधतो. फोन ठेवून वहिनीला म्हणालो, बघ, बाप अजून श्वास घेतोय आणि याला घराचे कागद हवेत. पुढे तुझा तो कागद आला. त्यात बाबांची जन्मतारीख भरायची होती आणि तू तिथे काहीच न लिहिता जागा सोडली होतीस, तेव्हा कळलं तुला काय शोधायचं होतं. आपल्या दोघांनाही बापाची जन्मतारीख माहीत नाही, धाकट्या. गावच्या शाळेच्या दाखल्यावर असेल.

तू विचारशील, नळी काढायला तू विरोध करतोस की नाही ते एकदा सांग. मी काही शिकलेला माणूस नाही. गावच्या शाळेत सातवीपर्यंत, आणि रविवारच्या शाळेत त्याहून जास्त. माणूस देवाच्या प्रतिमेचा आहे हे तिथे शिकलो आणि ते मला नेहमी आमच्या भाषेत समजलं, की प्रत्येक वजनावर जसा सरकारी शिक्का असतो तसा प्रत्येक माणसावर वरचा शिक्का आहे. तो आपण मारलेला नाही, आपण खरवडायचा नाही. दुसऱ्याच्या घरात कुणी काय ठरवावं हे मी सांगत नाही. इस्पितळाच्या बाकावर बसलेल्या लोकांचे चेहरे मी पाहिलेत. पण माझं मन ठाम असायला हवं होतं आणि ते नव्हतं. कारण बाबा स्वतःच सांगत होते ना.

तो शब्द तू ऐकलायस. झटक्यानंतर बाबांची सगळी भाषा गेली. पाणी नाही, दुखतं नाही, माझं नाव नाही, तुझं नाही. राहिला एकच शब्द, सोडव. तू आलास, त्यांच्या उशाशी बसलास, आणि भिंतीकडे बघत त्यांनी तो तीनदा म्हटला. तिसऱ्या वेळी मोठ्याने. तू बाहेर येऊन जिन्यात रडलास आणि मला म्हणालास, दादा, आणखी कोणत्या भाषेत सांगायचं त्यांनी? मीही तेच ऐकत होतो. जन्मभर कुणाकडे काही न मागितलेला माणूस एकच गोष्ट मागतोय आणि मोठा मुलगा धर्म पुढे करून ती देत नाही, असं मला वाटायचं. त्या शब्दाची मला भीती बसली. आई असल्यापासून दिवेलागणीची प्रार्थना बाबांच्याच खोलीत होते, पण झटक्यानंतर काही दिवसांतच मी ती बाहेरच्या खोलीत नेली. वहिनीला म्हटलं, त्यांना आराम पडू दे. खरं म्हणजे देवाचं नाव घेताना तो शब्द कानावर पडायला नको होता. तरी भिंतीतून यायचाच. आमचं आटपलं की पलीकडून, सोडव. थोडं थांबून पुन्हा, सोडव. मी उठून नळ सोडायचो.

आता गेल्या मंगळवारचं. बेचाळीस किलोचा आकडा डोक्यात भुंग्यासारखा फिरत होता. भरदुपारी दुकानाला कुलूप लावलं आणि कुणाला न सांगता घरी निघालो. मावशींना रंगेहाथ पकडायचं होतं. जिन्याखाली चपला काढल्या, हातात घेतल्या आणि स्वतःच्याच घरात चोरासारखा भिंतीला धरून वर चढलो. खालची शिंपीणबाई दारात उभी होती, तिने मला पाहिलं आणि आत जाऊन दार लावलं. तिने काय समजायचं ते समजली असेल. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मावशींनी बाबांना उशांना टेकवून जवळजवळ ताठ बसवलं होतं, हनुवटी छातीकडे झुकवली होती, आणि त्यांच्या हातात वाटी होती. त्या बाबांच्या तोंडात चमचा घालत होत्या.

तुला माहीत आहे, डॉक्टरांनी पहिल्या दिवशी काय बजावलं होतं. तोंडाने थेंब नाही, श्वासनळीत गेला तर संपलं. मला एका क्षणात सगळं जुळल्यासारखं वाटलं. चोरी नाहीच, त्याहून भयंकर काहीतरी चाललंय. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण चपला हातातून सुटल्या आणि मी चमच्यावर झडप घातली. बाबा दचकले आणि त्यांना ठसका लागला. तोंड काळंनिळं पडलं. मी हातात चमचा धरून खांबासारखा उभा. मावशींनी मला कोपराने बाजूला सारलं, बाबांना कुशीवर वळवलं, पाठीवर थपथप हात मारला, तोंडात बोट घालून जे होतं ते काढलं आणि त्यांचा श्वास ठिकाणावर येईपर्यंत त्यांच्या कानाशी म्हणत राहिल्या, झालं, झालं बाबा, मुलगाच आहे तुमचा, राक्षस नाही.

मग त्यांनी हात धुतले, टॉवेलला पुसले आणि मला जे सुनावलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. दादा, महिनाभर मी यांना गिळायला शिकवतेय. आधी नुसता ओला बोळा, मग अर्धा चमचा घट्ट पेज, दिवसातून तीनदा, चारच चमचे. आधीच्या घरी एक म्हाताऱ्या शिक्षिका होत्या, तिथल्या व्यायामवाल्या बाईने मला सगळं दाखवलं होतं. महिन्यात एकदाही ठसका लागला नाही, आज लागला तो तुमच्यामुळे. मी म्हटलं, मला विचारायचं होतं. त्या म्हणाल्या, तुम्हाला? तुम्ही मला माणूस समजून कधी बोललात? डब्याशी बोलता, पिशवीशी बोलता. डॉक्टरांना सांगायला हवं होतं, ती माझी चूक, कबूल. पण ते येतात आणि माझ्याकडे न बघता जातात. आणि घरात सगळे यांना पाठवायच्या तयारीत दिसत होते, म्हणून म्हटलं आधी यांना थोडं उभं करावं, मग बोलावं.

त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. जाते म्हणाल्या. दारापर्यंत जाऊन थांबल्या. मला वाटलं, आता शाप देणार. पण त्या म्हणाल्या, एक विचारू का, तुमच्या धर्मातलं आहे, मला कळत नाही. रोज दिवेलागणीला तुम्ही दोघं तिकडे काहीतरी सुरू करता, तेव्हा हे पण इकडे सुरू करतात. शब्द नाहीत, नुसतं हूं हूं हूं, पण रोज तेच, तितकंच. मी बोटांवर मोजलंय. तुम्ही घाईत असता, तुमचं लवकर संपतं, हे मागे राहतात. आणि शेवटी ‘सोडव’ म्हणून थांबतात. थांबतात म्हणजे नुसते गप्प होत नाहीत, दाराकडे बघतात. कुणी येत नाही. मग पुन्हा म्हणतात. तुमच्यात म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन प्रार्थना करायची नसते का? एवढं म्हणून त्यांनी मला ते हूं हूं करून दाखवलं. आपल्या मंडळीत कधी पाऊल न टाकलेल्या त्या बाईने, चार ओळी चढत, एका ठिकाणी श्वास घेत, मग उतरत. तो श्वास कुणाचा आहे हे मला सांगावं लागलं नाही. प्रार्थनेतल्या रोजच्या भाकरीच्या ओळीपाशी बाबा घेतात तोच.

धाकट्या, आता तुला आठवलं असेल. नसेल तर सांगतो. बाकी घरांत प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात. आपल्या घरी बाबांनी ती वाटून दिली होती. ‘आम्हांस वाइटापासून सोडव’पर्यंत बाबा आणि आई. तिथे बाबा थांबायचे. त्याच्या पुढची राज्याची आणि सामर्थ्याची ओळ माझी, कारण मी मोठा. आणि शेवटचं ‘आमेन’ तुझं, कारण तुला तेव्हा तेवढंच बोलता यायचं. पुढे तू मिसरूड फुटलेला झालास तरी ते तुझंच राहिलं. तुला डुलकी लागली असली, किंवा मी ताटाकडे बघत बसलो असलो, तर बाबा रागवायचे नाहीत, पुढेही जायचे नाहीत. आपला शब्द येईपर्यंत ते स्वतःचा शेवटचा शब्द पुन्हा म्हणायचे. सोडव. आणि थांबायचे. मग थोडं मोठ्याने, सोडव. तू हसायला लागायचास आणि आई तुला चिमटा काढायची.

तीनदा, आणि तिसऱ्या वेळी मोठ्याने, तू म्हणाला होतास ना? त्या संध्याकाळी तू त्यांच्या उशाशी बसलास तेव्हा दिवे नुकतेच लागले होते.

मी खोलीतच खाली बसलो. मावशी गेल्या हेही मला कळलं नाही. बऱ्याच वेळाने उठलो आणि पहिल्यांदा कशाला हात लावला तर त्या काट्याला. सवय, दुसरं काय. पेटीतली दोन प्रमाणवजनं काढली, वीस वीसची, आणि झोळीच्या जागी टांगली. चाळीसच्या जागी काटा छत्तीसवर अडला. खाली उतरवून उघडला. आतली दातेरी पट्टी गंजून लाल झाली होती आणि चक्री घासत होती. बाबांची छाती भरते म्हणून मावशी सकाळ-संध्याकाळ किटलीची वाफ देतात, ती बरोबर तुळईखाली, आणि माझा काटा आठवडाभर तिथेच लटकलेला. गावातल्या प्रत्येक दुकानदाराला मी सांगतो, महिन्यातून एकदा काटा तपासा, ओलीपासून लांब ठेवा. स्वतःचा तपासायचं मला सुचलंच नाही, कारण तो माझा होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मोजायला मी दीड महिना घालवला, आणि मुसळ तुळईला टांगून ठेवलं होतं. पट्टी साफ केली, तेल दिलं, वहिनीला हाक मारली आणि बाबांना पुन्हा झोळीत घेतलं. सत्तेचाळीस किलो भरले. वहिनीने आधी तबकडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, शंकासुराचं वजन किती कमी झालं ते पण बघा आता.

त्याच संध्याकाळी मी मावशींच्या घरी गेलो. सुनेने दार उघडलं, कडेवर बाळ होतं. मावशी आत भांडी घासत होत्या, वळल्यासुद्धा नाहीत. मी उंबऱ्यावरच म्हटलं, चुकलो. काटा खोटा होता. त्या म्हणाल्या, काटा? मी म्हटलं, मी. त्यांनी हातातलं पातेलं विसळून पालथं घातलं. मग म्हणाल्या, उद्या येईन, पण पेन्सिल माझ्याकडेच राहणार. हे असं माफ करणं मला अजून जमलेलं नाही. इतकी वर्षं मंडळीत बसतो, गुडघे टेकतो, विश्वास विश्वास म्हणतो. आपल्या भाषेत देवावरच्याला आणि माणसावरच्याला एकच शब्द आहे, हे मला पन्नाशीला आल्यावर कळतंय. मला वाटायचं, मी पहिला सांभाळलाय आणि दुसऱ्याची मला गरज नाही. आमच्या धंद्यात झिजलेलं वजन बाद करतात, शिक्का असला तरी. बाबांकडे मी तसंच बघत होतो. कमी भरतायत म्हणून. कमी भरणारं माणूस असं काही नसतं, धाकट्या. एवढं समजायला मला तो खोटा काटा लागला.

गुरुवारी डॉक्टरांना बोलावलं आणि मावशींनी त्यांच्यासमोर चमचा देऊन दाखवला. ते आधी रागावले, मग गळ्यावर बोट ठेवून पाहिलं, मग पहिल्यांदाच मावशींकडे बघून विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? चमत्कार वगैरे नाही म्हणाले. हृदय थकलंय, थंडी निघेल की नाही सांगता येत नाही. नळी अजून काही महिने लागेल, कदाचित शेवटपर्यंत. पण मी प्रार्थनेचं सांगितलं तेव्हा ते दाराकडे न बघता बाबांकडे बघत होते.

आणि आता ती संध्याकाळ. डॉक्टर आले त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी दिवेलागणीला मी आणि वहिनी बाबांच्या खोलीत गेलो. मावशी उठून जायला लागल्या, मी म्हटलं, बसा. मी काही सुरू केलं नाही. वहिनीने दिवा लावला, मी बाबांच्या डाव्या हाताशी बसलो. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच सुरुवात केली. हूं हूं, चार ओळी चढत. भाकरीपाशी श्वास. मग उतार. मग अगदी लख्ख, सोडव. आणि माझ्याकडे पाहिलं. मी माझी ओळ म्हटली. पूर्ण म्हटली. पाच महिने ते ज्या ओळीची वाट बघत होते ती. त्यांचा डावा हात माझ्या हातात घट्ट झाला. मी संपवलं आणि थांबलो. वहिनीने ‘आमेन’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी हात जरा उचलला, शाळेत उचलायचे तसा.

शाळेचं आठवतं ना? बाबा शिपाई, घंटा त्यांच्या हातात. नऊ टोल्यांची घंटा, आणि आठ देऊन ते नववा राखून ठेवायचे, कारण तू अजून ओढ्याच्या वळणावर असायचास, एका हातात पाटी आणि एका हातात चड्डी. हेडमास्तर खिडकीतून ओरडायचे, अहो, वाजवा की! बाबा हात वर धरून म्हणायचे, एक पोर बाहेर आहे साहेब, शाळा भरली कशी म्हणू? तू फाटकातून आत शिरलास की नववा टोला पडायचा. सगळी शाळा हसायची आणि तुला वाटायचं, आपण वेळेवर पोचलो.

हात तसाच उचललेला होता. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि पुन्हा म्हटलं, सोडव. वहिनी तोंडाला पदर लावून बाहेर गेली. त्यानंतर रोज असंच होतं. माझी ओळ होते आणि ते थांबतात.

आता तुझ्या कागदाचं. त्यावर मी सही केली होती. दोन रविवारांपूर्वी, बेचाळीसचा आकडा बघितल्यावर, कुणाला न विचारता, वहिनीलाही नाही. आणि प्रमाणवजनांच्या पेटीत सगळ्यांत खाली ठेवला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते हेच. मावशी बाबांना मारतायत हे मला पकडायचं होतं, म्हणजे माझी सही कुणाला दिसली नसती. हे मी फोनवर तुला सांगू शकलो नसतो. या पत्रासोबत कागद परत पाठवतोय. माझी सही खोडली आहे, आणि जन्मतारखेच्या मोकळ्या जागेत ‘शाळेकडून मागवली आहे’ असं लिहिलंय. तुझ्या सहीची जागा तशीच कोरी आहे. तू काय करावंस याचं उत्तर मी तुझ्याकडे मागत नाही. एकच मागतो, शनिवारी नको, शुक्रवारी ये. दिवे लागायच्या आत ये. डॉक्टर नाहीत, कागद नाही, तू आणि बाबा. तुझा शब्द मी म्हटलेला नाही आणि कुणाला म्हणूही दिलेला नाही. तो म्हण, आणि मग त्यांच्या डोळ्याकडे बघून तुला जे ठरवायचं ते ठरव. इतके दिवस आपल्याला वाटत होतं, ते जायला निघालेत आणि आपण त्यांना अडवून धरलंय. ते हात वर धरून तुझ्यासाठी थांबलेत रे.

नववा टोला पडायच्या आधी तुला फाटकात पाहायला आतुर झालेला,
तुझाच,
दादा